बासष्टावा चिंचोका

आपण प्रबंधासाठी काय मोजतोय ते सोजराने भालकीच्या कॉलेजात सांगितलं, तेव्हा हसावं की न हसावं हे स्टाफरूममध्ये घटकाभर कुणाला कळेना.

"जोडशब्द? म्हणजे आणि, पण, म्हणून?" इतिहासाचे अंकुशराव म्हणाले. "अहो बाई, त्यात मोजायचं काय? त्या काय कोंबड्या आहेत?"

"कोंबड्या सगळ्यांनाच दिसतात हो सर," सोजरा म्हणाली. "हे कुणाला दिसत नाहीत म्हणून मोजते."

होतीच ती तशी तोंडाची. खटकचिंचोळीच्या हरिबाची थोरली लेक. वय छत्तीस, इंग्रजीची लेक्चरर, आणि तिच्या वस्तीतली एम.ए. झालेली पहिलीच बाई. पीएच.डी.ला नाव घालायला विद्यापीठात गेली, तर दोन प्राध्यापकांनी तिला एकच प्रश्न विचारला, घरी इंग्रजी कोण वाचतं? दुसऱ्याला तिने चिडून सांगितलं, "माझी माय वाचेल, तुम्ही नाव तर घाला!" त्याने अर्थातच घातलं नाही.

घातलं ते व्यंकटराव सरांनी, हे सांगायलाच पाहिजे. सर मोठे विद्वान. तरुणपणी दोन वर्षं इंग्लंडात राहून आलेले, तेव्हापासून बिनदुधाचा चहा पिणारे आणि वैशाखातसुद्धा टाय न सोडणारे. लोक मागून हसत. पण सोजराला त्यांनी समोर बसवलं, घरी कोण काय वाचतं ते विचारलं नाही, आणि सही करून दिली. हे ती विसरली नव्हती. म्हणून तर पुढचं सगळं इतकं जड गेलं.

आता तिचं काम काय होतं ते ऐका. ज्यांची मायबोलीच इंग्रजी, अशा चाळीस विद्वानांचे चाळीस लेख तिने घेतले. आपल्याकडच्या चाळीस विद्वानांचे चाळीस. सगळे इंग्रजीतले, छापील, अभ्यासाचे, जड. लेखकाचा जन्म कुठला आणि आईची भाषा कोणती, एवढं बघून तिकडचा कागद डाव्या ढिगात जायचा, इकडचा उजव्या. मग नावं कात्रीने कापून टाकायची, प्रत्येक लेखाला चिठ्ठी काढून बाराखडीतलं एक अक्षर द्यायचं, आणि नावांची यादी ट्रंकेत कुलपात. कुणाचा लेख कुठला हे मोजणाऱ्यालाही कळता कामा नये. शिवाय दर लेख दोन माणसांनी वेगवेगळा मोजायचा. दोन आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा मोजायचा, असा तिचा नियम.

दुसरं माणूस कोण? भालकीत तिने चार जणांना विचारलं. एकाला ऊस होता, एकाला लग्न होतं, बाकीच्या दोघांना ते काम खुळचट वाटलं. शेवटी सुट्टीत गावी बसून ती एकटीच मोजत होती, आणि तिची माय, चंद्रभागाबाई, शेजारी सुपात तूर निवडत होती.

"काय शोधायलीस ग इतकी?" माय म्हणाली.

सोजराने सहज बोट ठेवून दाखवलं. "हा बघ, असा दिसतो हा."

माय वाकली, बघितलं, आणि तुरीतला खडा दाखवावा तसं तिने खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "ह्यो बी त्योच. आन् ह्यो. ह्यो तू सोडलीस की!"

सोजरा बघतच राहिली. जन्मभर जिने सुपातून खडे वेचले, तिच्या नजरेतून छापील ओळीतलं काय सुटणार होतं? आठ दिवसांत मायने पंधरा शब्दांची तोंडं पाठ केली. अक्षर एक कळत नव्हतं, पण ओळख पक्की. 'बट' वाक्याच्या सुरुवातीला आला की मोठ्या 'बी'मुळे तो दोन पोटांचा. 'देअरफोर' म्हणजे खांबावर पाट. आणि 'मोरओव्हर' म्हणजे दोन चाकांची गाडी, कारण त्यात मधे दोन गोल. दर शब्दामागे एक चिंचोका, दर लेखाचे चिंचोके वेगळ्या पिशवीत, पिशवीवर लेखाचं अक्षर. दोन वर्षं हे चाललं. शेजारची सरुबाई विचारी, "काय ओ चंद्रभागाबाई, चिंचोके खेळायलाव ह्या वयात?" माय म्हणे, "लेकीची परीक्षा लिव्हायलाव." आणि खरंच लिहीत होती की!

दोघींचे आकडे जुळत. नाही जुळले तर तिसऱ्या मोजणीत बहुतेक माय खरी निघे. प्रबंधात मात्र सोजराने लिहिलं, 'दुसरी मोजणी एका सहायकाने केली.' खोटं नव्हतं. पण निरक्षर आईने इंग्रजी मोजलं असं लिहिलं तर काम कोण खरं धरणार, या भीतीने तिने ते लिहिलं होतं, आणि मायला ते कधी वाचून दाखवलं नव्हतं.

मोजून निघालं ते मोठं मजेचं होतं. आपले विद्वान घडोघडी 'शिवाय', 'म्हणून', 'तथापि' अशी गाठ मारत जातात. इंग्रज मात्र खुशाल वाक्यामागून वाक्य ठेवतो, मधे काही जोडत नाही, आणि मनाला येईल तेव्हा 'पण' म्हणून वाक्य सुरू करतो. आपल्याकडे असं कुणी केलं तर मास्तर लाल रेघ मारतात. आजवर सगळे म्हणत आले की आपल्यांना भाषा कमी येते, म्हणून हे असं. सोजराने लिहिलं, तसं नाही. घरचा माणूस दार ढकलून आत येतो. पाहुण्याला मात्र दर उंबऱ्यावर सांगावं लागतं, मी कोण, कुठला आणि कशासाठी आलोय. आपले लोक परक्या घरात लिहितात आणि कुणीतरी हटकेल म्हणून दर ओळीला कारण देतात.

"उत्तम!" व्यंकटराव सर म्हणाले होते. "आपल्या विद्यार्थ्यांचं नेमकं निदान केलंत, सोजराबाई." विद्यार्थ्यांचं होतं तोवर निदान उत्तमच होतं.

एकतीस मार्चला नोंदणी संपत होती. दोनदा वाढवून झालेली, आता तिसऱ्यांदा वाढणार नव्हती. सरांची सही नसली की पाच वर्षांचं काम रद्दी. प्रबंध टाईप झाला, बांधून झाला, आणि सव्वीस तारखेला सोजरा तो घेऊन गुलबर्ग्याला सरांच्या घरी गेली. सरांनी शेवटचा तक्ता उघडला. मग नमुन्याचे उतारे. मग त्यांचा चहा तसाच राहिला.

"हा 'ञ' अक्षराचा लेख," ते सावकाश म्हणाले. "अठरा पानांत एकसष्ट जोडशब्द, बहुतेक मोरओव्हर. सगळ्या ऐंशी लेखांत सर्वांत जास्त."

"हो सर."

"ही वाक्यं माझी आहेत."

सोजराच्या तोंडचं पाणी पळालं. सरांचा लेख तिनेच भक्तिभावाने ढिगात घातला होता. पण मोजताना नजर नुसती जोडशब्दांवर असे. चिठ्ठीत कुठलं अक्षर आलं तेही ती विसरून गेली होती, आणि विसरावं हाच नियम होता. तिला वाटलं आता सर हसतील. पण सर हसले नाहीत.

"हा लेख चुकीच्या ढिगात आहे," ते म्हणाले. "माझी घडण तिकडची आहे. मी तिकडे राहिलोय, तिकडच्यांशी वाद घातलेत. हा त्या चाळिसांत टाका."

"सर, ढीग जन्मगावावरून आणि आईच्या भाषेवरून लावलेत. आणि हा तिकडे गेला की तिकडचे आकडे फुगतील. मग दोन्हीकडचा फरक कमी दिसेल, माझं म्हणणं लंगडं पडेल."

"मग वगळा."

"निकाल बघून वगळता येत नाही सर. हे तुम्हीच शिकवलंत."

सरांनी प्रबंध मिटला. आवाज चढला नाही, तीच तर पंचाईत. "तीन दिवसांनी या. लेख हलवून आणा, सही तयार आहे."

भालकीला उतरली तेव्हा सोजराच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. अंकुशरावांना सांगितलं तर ते म्हणाले, "एक कागद हिकडचा तिकडे, एवढंच ना? उचला की बाई! कुणाला कळायलंय?" आणि खरं सांगायचं तर घरी पोचेपर्यंत तिलाही तसंच वाटू लागलं होतं. ज्या माणसाने दार उघडलं त्याची एवढी हौस पुरवली तर काय बिघडलं? पाच वर्षं! दोन प्राध्यापकांचे ते चेहरे! नोंदणी गेली की ते म्हणणार, आम्ही सांगितलं नव्हतं का?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने गावच्या घरातल्या कोनाड्यातून पिशव्या काढल्या. 'ञ' लिहिलेली पिशवी उजव्या रांगेतून उचलली आणि डाव्या रांगेच्या शेवटी ठेवली.

चंद्रभागाबाई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "ती हिकडली हाय. कामून उचलायलीस?"

"सरांची आहे ती. त्यांना तिकडं पाहिजे. न्हाई केलं तर सही देत न्हाईत."

माय उठून आली, पदराला हात पुसले आणि त्या पिशवीकडे बघत उभी राहिली. "त्येंचा जनम तिकडला हाय?"

"न्हाई. मादन हिप्परग्याचा."

"हिप्परग्याचा!" माय खाली बसली. "तुला सत्तावन्न साल ध्यानात हाय का ग? तू सात वर्साची आसशील. तुजा बा चावडीम्होरं उबा ऱ्हायला. भर दिवसा. समद्या गावादेखत म्हनला, आजपास्नं आमी त्या ढिगात न्हाव, आमी बौद्ध झालाव. गिरनीवाल्यानं म्हैनाभर आमचं दळन घेतलं न्हाई. ह्या हातानं जात्यावर दळलं मी. ढीग बदलाया आमी काय भ्यालाव? पर चोरून न्हाई बदलला. तुज्या सराला बदलायचाय तर बदल म्हन की. पर सांगून बदल म्हन, आपल्या तोंडानं, चार लोकांत. तू कामून त्येंच्यासाठी गुपचूप उचलायलीस?"

सोजराला लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ असा राग आला की तिने पिशवी उचलून धाडकन उजव्या रांगेत आपटली. मग कोरा कागद घेतला आणि एका बैठकीत अर्ज लिहून काढला.

"माय, परवा तू बी चल गुलबर्ग्याला," ती म्हणाली. "पिशवी घेऊन."

ठरल्या दिवशी दोघी सरांच्या ओसरीवर पोचल्या. मायला बाकावर बसवून सोजरा आत गेली आणि टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या, प्रबंध आणि तो कागद. सरांनी कागद वाचला. त्यावर लिहिलं होतं, 'मी, खाली सही करणार, जन्मगाव टिंबटिंब, आईची भाषा टिंबटिंब, अशी विनंती करतो की माझा लेख इंग्रजी मायबोली असलेल्यांत धरावा.' खाली तारीख आणि सहीची जागा.

"हे काय आहे?"

"तुम्ही भरून द्या सर. प्रबंधाला जोडते, लेख लगेच तिकडे टाकते. माझी ना नाही. पण मी माझ्या मनाने हलवला असं होणार नाही. हलवलात तर तुम्ही, सहीनिशी, सगळ्यांनी वाचावं असं."

सरांचा चेहरा लालबुंद झाला. "तुम्हाला कुणी उभं केलं नव्हतं, तेव्हा मी केलं!"

"केलंत. जन्मभर मानेन. पण त्याची परतफेड अशी मागू नका. सही नको तर नको. एकतीसला नोंदणी जाऊ दे, पाच वर्षं जाऊ देत. कागद हलणार नाही!"

तसे सर ताडकन उठले आणि ओरडले, "कामून मागं लागलाव तुमी माझ्या? काय बिघडवलाव मी तुमचं?"

गेली पंचवीस वर्षं या घरात असली भाषा कुणी ऐकली नसेल. दारात चंद्रभागाबाई येऊन उभी होती.

"हिप्परग्याचेच की हो साहेब," ती अगदी सरळ म्हणाली. "माजी नणंद दिलीया तिकडं. आसंच बोलतेत."

सर खाली बसले. टायची गाठ त्यांनी सैल केली. "ह्या कोण?" त्यांनी सोजराला विचारलं.

"प्रबंधात 'एक सहायक' लिहिलंय ना सर, त्या ह्या. माझी आई. सगळे ऐंशी लेख हिने मोजलेत. हिला वाचता येत नाही."

"वाचाया येत न्हाई, पर वळखाया येतं," माय म्हणाली. "तुमच्या लेखात दोन चाकांच्या गाड्या लई हाईत साहेब."

सरांनी कपाटातून आपल्या लेखाचा मूळ छापील अंक काढला, तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "मोजा, अक्का." परीक्षाच ती. माय जमिनीवर बसली. पिशवीतला एकेक चिंचोका ओळीवर बोट ठेवून फरशीवर मांडत गेली, आणि सर खुर्ची सोडून तिच्या शेजारी बसले, आपल्याच लेखातून आपलं बोट फिरवत. एकाही ओळीवर तिचं बोट चुकलं नाही. सर मधेच पुटपुटले, "इथे काय गरज होती ह्याची? आणि इथे?" तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा त्यांना स्वतःचंच हसू आलं. "तिथले मास्तर विचारत, ह्याचं कारण काय, त्याचं कारण काय. म्हणून लिहायचो. ते एकमेकांना कधी विचारत नसत."

अकराव्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांतली टीप होती. तिथे मायचं बोट थांबलं. तिने पदराच्या टोकाची गाठ सोडली, आतून एक चिंचोका काढला आणि बाकीच्यांत ठेवला. मग पुढची पानं संपवली. पिशवी रिकामी झाली. पिशवीतले एकसष्ट, आणि हा एक.

सोजराने फरशीवरचे चिंचोके पुन्हा मोजले. तिला आठवलं. 'ञ'चे आकडे जुळलेच नव्हते. माय म्हणत होती बासष्ट, आणि ती म्हणत होती एकसष्ट. तिसऱ्यांदा मोजायचा नियम होता, पण बसची वेळ झालेली, आणि शेवटी एम.ए. कोण झालं होतं? तिने आपला आकडा लिहिला आणि जास्तीचा चिंचोका पिशवीतून काढून फेकला होता. मायने तो कधी उचलून ठेवला, हे तिला माहीतही नव्हतं.

"माय, बोलली न्हाईस कामून?"

"बोलले की. तू आयकलीस का?"

सरांनी तो अर्ज पुढे ओढला. जन्मगावापुढे लिहिलं, मादन हिप्परगा. भाषेपुढे लिहिलं, मराठी. विनंतीवर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "हा यादीला लावा. राहू दे मला इकडेच." मग त्यांनी प्रबंध उघडला, सहीचं पान काढलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"थांबा सर," सोजरा म्हणाली.

सरांनी वर बघितलं. "आता आणखी काय?"

पेन कागदाला टेकायला आलं होतं. एका आकड्याने काही उलटंपालटं होणार नव्हतं, कुणाला कळणारही नव्हतं. हेच तर अंकुशराव म्हणाले होते, आणि हेच तर सरांनी मागितलं होतं. सोजराने प्रबंध स्वतःकडे ओढला. एकसष्ट खोडून बासष्ट केलं, बेरजा तीन ठिकाणी बदलल्या, दर खाडाखोडीला आपली सही केली. आणि अंगठ्याने पानं मागे सारून 'एका सहायकाने' यावर रेघ मारली, वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'माझी आई, चंद्रभागाबाई हरिबा, राहणार खटकचिंचोळी, हिने.'

माय वाकून बघत होती. "काय लिव्हलीस?"

"तुझं नाव."

"कंचं त्ये? दाखीव."

सोजराने बोट ठेवून दाखवलं. मायने ते नाव तुरीकडे बघायची तसं डोळे बारीक करून, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतलं.

"आता करू सही?" सरांनी विचारलं.

"आता करा," सोजरा म्हणाली.